शिंप्याची पोर सीटमध्ये नापास

मी पहिल्या वर्षाला नापास झाले ती ढुंगणात. हे वाक्य असं सरळ लिहायला मला सात वर्षं लागली. तेव्हा कुणी विचारलं, "कशात राहिली गं?" की मी "ॲनाटॉमीत" म्हणायचे. ॲनाटॉमी म्हणजे काय हे आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. समोरचा मान हलवून "अवघडच असतंय ते" म्हणायचा आणि विषय मिटायचा. खरं तर बाकी सगळं शरीर मला येत होतं. हात, पाय, पाठ, मान, सगळं तोंडपाठ. अडलं ते एकाच ठिकाणी, आणि तेही पुस्तकात वाचलं होतं, चित्र काढलं होतं, रंगवलंसुद्धा होतं. फक्त बोलता आलं नाही.

मी फिजिओथेरपी शिकत होते. कॉलेज दुसऱ्या शहरात, घर बीडला. तोंडी परीक्षेला बाहेरून एक सर आले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज कोरडा, पेन सतत हातात. त्यांनी कमरेखालचं मोठं हाड समोर सरकवलं. ते डावं हे मी बरोबर ओळखलं. मग ते म्हणाले, "ग्लुटियस मीडियस. स्वतःच्या अंगावर दाखव."

मी हात कमरेवर ठेवला.

"ही कंबर झाली."

"सर, थोडं खाली."

"किती?"

"थोडंच."

"मग दाखव ना."

माझा हात काही खाली सरकेना. मागं माझ्यासारख्याच दोन पोरी रांगेत उभ्या, दाराशी प्रयोगशाळेतले मामा सांगाड्याची धूळ पुसत होते, आणि समोर हे परके पुरुष. आमच्या घरी या भागाला नावच नव्हतं. लहानपणी पडून लागलं तर "कुठं लागलं?" विचारल्यावर "मागं" म्हणायचं, एवढंच शिकवलेलं. नितंब हा शब्द पुस्तकातला, तो तोंडाने म्हटला की नाटकात काम करतोय असं वाटतं. कुल्ले म्हणायची लाज, ढुंगण तर शिवीच्या बाजूला बसलेलं. म्हणून मी म्हणाले, "सर, आपण बसतो ती जागा." सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

निकाल लागला. सहा आठवड्यांनी पुरवणी परीक्षा होती. त्यातही गेले तर वर्ष वाया, नव्या पोरींबरोबर पुन्हा पहिल्या बाकापासून सुरुवात. मला वर्षाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती अण्णांची, म्हणजे वडिलांची होती. अण्णा रागावणारे नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझा पांढरा ॲप्रन स्वतः शिवला होता, "बाजारचा नको, खांद्यात बसत न्हाई" म्हणून, आणि शिवून झाल्यावर तो चार दिवस दुकानात गिऱ्हाइकांना दिसेल असा टांगून ठेवला होता. मांजरसुंब्याला एसटी चहासाठी थांबली तेव्हा मी खिडकीत बसून कसं सांगायचं त्याची उजळणी करत होते. उजळणी छान झाली. सांगायच्या वेळी त्यातलं एक वाक्य आठवलं नाही.

अण्णांचं दुकान म्हणजे दोन मशीन, एक लांब टेबल, भिंतीला खुंट्या. रेडिमेडने गल्लीतले तीन टेलर बसवले, अण्णा टिकले, कारण त्यांच्याकडे रेडिमेडमध्ये न मावणारी माणसं येतात. तालमीत गेलेली, पोट सुटलेली, एक पाय आखूड असलेली, आणि दिवाळीच्या आधी कोयत्यावर जाणारी. ऊस तोडताना माणूस दिवसभर वाकलेला असतो, साधी पँट पहिल्याच आठवड्यात मागून फाटते. म्हणून अण्णा त्यांच्या पँटला मागच्या शिवणीत एक चौकोनी तुकडा तिरका जोडतात. तो तुकडा बाहेरून दिसत नाही, पण वाकलं की उघडतो. ही त्यांची स्वतःची अक्कल.

शेजारी चाचांचं दुकान. चाचा मोटरसायकलच्या सीटा भरून देतात, फोम, रेक्झिन, वरून शिलाई. मधली भिंत एका विटेची, त्यामुळं दोघांच्या मशीनी एकमेकांशी बोलल्यासारख्या चालायच्या. अण्णा माणसाची मागची बाजू झाकायचे आणि चाचा तिला टेकू द्यायचे. दोघांनी मिळून निम्म्या बीडचं बूड सांभाळलं, असं चाचा चहा पिताना म्हणायचे.

मी पोचले तेव्हा चाचा आमच्याच दुकानात उभे होते, हातात फोमचा तुकडा.

"लागला का निकाल?" अण्णांनी मान वर न करता विचारलं. ते स्टुलावर एका कडेला बसले होते, अर्धे आत अर्धे बाहेर. त्यांची ती सवय गेल्या दोन वर्षांची. मला वाटायचं, घाईचा माणूस, बूड ठरत नाही.

"लागला. एका विषयात गेले."

मशीन थांबलं. "कोणत्या?"

"ॲनाटॉमीत."

"त्यात काय असतंय?"

"सगळं शरीर."

"सगळ्या शरीरात गेली?"

"न्हाई. एका भागात."

"कोणत्या भागात?"

चाचा फोम कुरवाळत माझ्याकडे बघत होते. टेबलावर मापांची वही उघडी पडली होती, वर अण्णांच्या अक्षरात रकाने: लांबी, कंबर, सीट, मांडी, गुडघा, मोहरी. मी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

अण्णांनी चष्मा लावला, वाकून वाचलं, चष्मा काढला. मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मी घरचं मशीन विकून आले.

"शिंप्याची पोर," ते म्हणाले, "आन् सीटमध्ये नापास?"

चाचा म्हणाले, "मास्टर, ही सीटमध्ये नापास झाली तर मी बी दुकान बंद करतो. दोन घरची इज्जत गेली."

मी रडले. ते बघून चाचांनी मला फोम दिला, नाक पुसायला असावा. त्या दिवशी मी पहिल्यांदा अण्णांना विषयावरून दुखावलेलं बघितलं. मेंदूत गेले असते, हृदयात गेले असते तर त्यांनी समजून घेतलं असतं, ते परक्याचं क्षेत्र. पण तीस वर्षं ज्या जागेवर घर चाललं त्याच जागेवर पोरगी आपटली, हे त्यांना पचेना. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "उद्यापासून दुकानात ये. पुस्तक घेऊन."

आता माझं काय झालं होतं ते सांगते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी लायब्ररीत बसून ज्याची चित्रं काढत होते ते माझ्या घरी रोज पंधरा-वीस माणसं घेऊन येत होती.

पहिल्या दिवशी अण्णांनी मला टेप धरायला लावली नाही. फक्त बघायला लावलं. गिऱ्हाईक आलं की ते एका ठरलेल्या सुरात म्हणायचे, "खिशातलं सगळं काढा. ताठ उभे ऱ्हावा. पोट आत वढू नका, पँट पोटासकट शिवायची हाय." मग दोन पावलं मागं जाऊन नुसते बघायचे. पाली गावचे एक म्हातारे शाळामास्तर आले तेव्हा ते गेल्यावर मला विचारलं, "काय दिसलं?"

"काही न्हाई. बारीक आहेत."

"एक बाजू खाली जाती चालताना. डावा पाय उचलला की डावी बाजू पडती. त्यांच्या पँटला मी एका बाजूनं अर्धं बोट सैल सोडतो. तुज्या पुस्तकात याला काय नाव हाय का?"

मी पुस्तक उघडलं. होतं. एका पायावर उभं राहिलं की त्या पायाच्या बाजूचा ग्लुटियस मीडियस कंबरेचं हाड समतोल धरून ठेवतो. तो कमजोर झाला की उलटी बाजू खाली पडते. म्हणजे मास्तरांची डावी बाजू पडते पण दुखणं उजव्या बाजूचं. मी ते सगळं वाचून दाखवलं, त्याचं लांबलचक इंग्रजी नावही सांगितलं.

"लई मोठं हाय," अण्णा म्हणाले. "मी नुसतं 'एक बाजू सैल' लिवतो."

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती मी आजही पेशंटना सांगते. ते म्हणाले, "माणूस उभा असला की एक आसतो आन् बसला की दुसराच. पँट दोघांना व्हायला पायजे." मी पुन्हा पुस्तक उघडलं, आणि तिथं खरंच तेच लिहिलेलं. उभं असताना ग्लुटियस मॅक्सिमस, म्हणजे शरीरातला सगळ्यात थोराड स्नायू, बसायच्या हाडावर झाकण घालून असतो. बसलं की तो वर सरकतो आणि आपण सरळ हाडावर टेकतो. एवढं मांस देवाने दिलं आणि ऐन वेळी ते बाजूला होतं. मला त्या क्षणी त्याचा रागच आला.

हाडाचा पुरावा चाचांनी दिला. ते जुन्या सीटांचे उसवलेले फोम घेऊन आले आणि टेबलावर मांडले. "बेटा, फोम खोटं बोलत न्हाई. माणूस केवढा बी आसू दे, खड्डे दोनच." खरंच, प्रत्येक फोमवर दोन खोलगट खुणा. कॉलेजात आम्हाला इशियल ट्युबरॉसिटी, म्हणजे तेच बसायचं हाड, शिकवायला एक पिवळं पडलेलं हाड होतं, इथं चाचांकडे निम्म्या जिल्ह्याच्या ट्युबरॉसिटीचे ठसे पडून होते. मग ते रंगात आले. "पुढं बघ, खड्डे शेजारी-शेजारी. गाडी चालवणारा. आता मागं बघ, एकामागं एक. म्हंजी मागं बायको बसती, एका बाजूनं पाय सोडून. आन् मागं बी शेजारी-शेजारी आसले तर दोस्त." त्यांनी चकलांबा गावच्या एका गाडीची सीट उचलून दाखवली, मागं दोन्ही खड्डे शेजारी-शेजारी. "हा मानूस म्हनतो मी रोज बायकोला शेतावर नेतो. सीट म्हनती न्हाई."

इंजेक्शनची जागा आईने शिकवली. नस कुठून जाते हे माझ्या डोक्यात राहीना. सायटिक नस हाताच्या अंगठ्याएवढी जाड, नासपतीच्या आकाराच्या, पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूखालून बाहेर येते आणि मांडीत उतरते. म्हणून सुई नेहमी वरच्या बाहेरच्या भागात द्यायची, नाहीतर नसेला लागून पाय लुळा पडतो. हे मी चारदा घोकलं आणि चारदा आत-बाहेर चुकले. आई भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी काढली, परातीत टाकली, मधून उभी मोडली, आडवी मोडली, आणि चार चतकोर केले. "ही कंबरेकडची बाजू, ही बाहेरची. सुई ह्या चतकोरात. बाकी तीन खा." त्या दिवसापासून मी कधी चुकले नाही. भाकरी मात्र त्या सहा आठवड्यांत फार खाल्ली.

आईचं आणखी एक काम रोजचं होतं. संध्याकाळी ती अण्णांच्या गुडघ्यांना मलम चोळायची. दोन वर्षांपासून अण्णांचे गुडघे दुखत होते. डॉक्टर झाले, एक्स-रे झाला, निळा पट्टा आणला, मलमाच्या ट्यूब तर इतक्या संपल्या की आख्ख्या घराला त्याचा वास. मला एकदा वाटून गेलं की हा माणूस खाली पडलेली सुई शोधायला दिवसातून दहा वेळा उकिडवा बसतो आणि हूं की चूं करत नाही, मग गुडघा दुखतो कधी? पण मी तेव्हा परीक्षेत बुडालेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

सगळ्यात अवघड होतं बोलणं. ते अण्णांनी ओळखलं होतं. चौथ्या आठवड्यात त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मी माप सांगतो, तू मोठ्यानं म्हन आन् लिव. तुज्या पुस्तकातल्या नावानं." समोर एक ठेकेदार उभे होते, अंगाने भरभक्कम.

"सीट त्रेचाळीस."

मी पुटपुटले.

"ऐकू आलं न्हाई."

"ग्लुटियस मॅक्सिमस त्रेचाळीस," मी म्हणाले.

ठेकेदारांनी मान वळवली. "मास्टर, मला काय झालंय?"

"काय न्हाई," अण्णा म्हणाले. "सगळ्यांना आसतंय ते."

पलीकडे चाचांचं मशीन थांबलं आणि भिंतीतून हसण्याचा आवाज आला. त्यानंतर मी दोन आठवडे मोठ्याने मापं म्हणून लिहिली. मीडियस, मिनिमस, पिरिफॉर्मिस, सगळ्यांची नावं त्या दुकानात घुमली. लोकांना वाटलं अण्णांनी नवीन फॅशन आणली. एका पोराने तर विचारलं की पिरिफॉर्मिस लावून घेतलं तर किती दिवसांत मिळेल.

परीक्षेच्या दिवशी तेच सर होते. तोच चष्मा, तेच पेन. त्यांनी मला ओळखलं, कारण भुवया वर गेल्या. या वेळी त्यांनी दया केली म्हणा किंवा कंटाळा, पण स्वतःवर दाखव म्हणाले नाहीत. प्रयोगशाळेतल्या मामांना बोलावलं आणि म्हणाले, "यांच्यावर दाखव. ग्लुटियल रिजन, पूर्ण."

मामा पाठमोरे उभे राहिले. आणि माझ्या तोंडातून अण्णाच बाहेर पडले.

"खिशातलं सगळं काढा. ताठ उभे राहा. पोट आत ओढू नका."

मामांनी मुकाट्याने खिसे रिकामे केले. सरांच्या टेबलावर कंगवा, किल्ल्यांचा जुडगा, तंबाखूची पुडी आणि विटेएवढं पाकीट आलं. मी ॲप्रनच्या खिशात हात घातला तर अण्णांचा खडू सापडला. त्यांनी ठेवला की मी, आजही माहीत नाही. मी मामांच्या निळ्या पँटवर आखायला सुरुवात केली. ही कंबरेच्या हाडाची कड. ही मागच्या दोन खळ्यांखालची हाडाची टोकं. हे बसायचं हाड, उभ्या माणसात स्नायूखाली लपलेलं, बसल्यावर उघडं पडणारं. हे मांडीच्या हाडाचं बाहेरचं टोक. या दोघांच्या मधून नस खाली जाते. मी बोलत होते आणि आवाज थांबत नव्हता. "सुई या चतकोरात," मी म्हणाले.

"कशात?" सर म्हणाले.

"वरच्या बाहेरच्या चतकोरात, सर. चार भाग केले की."

सरांनी टेबलावरच्या कंगव्या-किल्ल्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "खिसे कशाला रिकामे करायला लावलेस?"

"पाकिटाने एक बाजू उचलली जाते, सर. खुणा चुकतात. आणि रोज पाकिटावर बसलं की पिरिफॉर्मिसवर दाब येतो, खालची नस दुखावते, पायात कळ जाते."

सर बसल्या जागी जरासे कलले, त्यांनी मागच्या खिशातून स्वतःचं पाकीट काढलं आणि मामांच्या पाकिटाशेजारी ठेवलं. बाहेर पडल्यावर मामांनी मला गाठलं आणि वळून पँटवरच्या खडूच्या रेघा दाखवत विचारलं, "हे निघंल का?" मी म्हणाले, ब्रशने निघतं.

निकाल लागला तेव्हा मी घरीच होते. मोबाईल हातात घेऊन दुकानात पळत गेले. अण्णांनी कात्री खाली ठेवली.

"सीट?"

"पास."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. तो अजून मळकाच होता, म्हणून पुन्हा पुसला. मग भिंतीवर तीन वेळा मूठ मारली, तर पलीकडून चाचांनी चार वेळा मारली. मला इतका आनंद झाला होता की मी खुंटीवरच्या एका अनोळखी पँटला मिठी मारली.

चहा झाला, चाचा गेले. गिऱ्हाईक नव्हतं. अण्णांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. मग खिशातला खडू काढून टेबलावर ठेवला, पेन ठेवलं, चष्मा ठेवला. गळ्यातली टेप काढून माझ्या गळ्यात घातली आणि माझ्याकडे पाठ करून ताठ उभे राहिले.

"घे माप."

"कशाचं?"

"डाव्या अंगाला. बसलं की हाड ठणकतंय. दोन वर्षं झाली."

मी स्टुलाकडे बघितलं. त्यावर घडी करून ठेवलेली जुनी पँट होती, आणि तिच्यात एकाच बाजूला खोल खड्डा. चाचांनी हे दाखवायला सहा आठवडे फोम आणले, आणि तो खड्डा माझ्या समोर होता.

"दोन वर्षं? डॉक्टरला का न्हाई दाखवलं?"

"गेलतो की. दोन खेपा गेलतो."

"मग?"

"डॉक्टर म्हनली, कुठं दुखतंय, हात लावून दाखवा." अण्णा भिंतीकडे बघून बोलत होते. "बाई होती गं ती. मागं नर्स उभी. मी गुडघा दाखवला."

दोन वर्षं मलम. पट्टा. एक्स-रे. आई रोज संध्याकाळी चोळत होती ते चांगले धडधाकट गुडघे. मला हसू आलं, आणि हसता हसता मी थांबले, कारण माझ्या बापाला आणि मला एकाच प्रश्नात एकाच जागी नापास केलं होतं, फक्त त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"आता परक्याला दाखवायची गरज न्हाई," ते म्हणाले. "तू पास हायेस."

मी हात त्यांच्या कमरेवर ठेवला. "इथं?"

"थोडं खाली."

"किती?"

"थोडंच."

मी पुढं विचारलं नाही. हात खाली नेला, अंगठ्याने चाचपत गेले, आणि हाड लागलं.

"हां," अण्णा म्हणाले. "हितं."